पोटरीचं माप

गेल्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका बुधवारी, सकाळी साडेनऊ वाजता, नांदेडमधल्या एका खासगी रुग्णालयात माझ्या मोठ्या बहिणीच्या डाव्या पायाच्या शिरेवर लेझरने शस्त्रक्रिया झाली. ती चाळीस मिनिटे चालली. अकराव्या दिवशी लातूरमध्ये त्याच पायाच्या पोटरीत, खोल शिरेत, रक्ताची गाठ सापडली. शस्त्रक्रियेत काही चुकले नव्हते. चूक झाली ती नंतरच्या दहा दिवसांत, घरात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मीही त्या सगळ्यांत होतो.

बहिणीला मी आक्का म्हणतो, ती मला बापू म्हणते. ती तेव्हा सत्तावन्न वर्षांची होती. लातूरमध्ये बाहेरगावची मुले शिकवण्यांसाठी येऊन राहतात, त्या भागातल्या एका मेसमध्ये ती पोळ्या आणि भाकरी करते. पहाटे पाच ते दहा आणि दुपारी चार ते नऊ. हे काम ओट्यापुढे उभे राहून करायचे असते. तेव्हा तिला ते करून अठरा वर्षे झाली होती. दाजी, म्हणजे तिचे यजमान, साखर कारखान्यात फिटर होते, आता घरी असतात. मी नांदेडला एका दैनिकात बातम्या तपासण्याचे काम करतो.

जखम मला भाऊबीजेला दिसली. ओवाळणे झाल्यावर मी पाया पडायला वाकलो, तेव्हा साडीच्या काठाखाली डाव्या घोट्याशी चिंधी बांधलेली होती. चिंधीला पिवळा डाग होता.

"हे काय?"

"काही न्हाई. बिब्बा उतलाय."

"कधी लावला होतास?"

"दसऱ्याला."

दसरा होऊन तीन आठवडे झाले होते. चिंधीखालची कातडी तीन आठवड्यांची वाटत नव्हती. ती घोट्यापासून वर वीतभर काळपट पडली होती. मी विचारले, "कोणत्या दसऱ्याला?"

आक्काने ताम्हण उचलले. "मागच्या," ती म्हणाली.

"मला म्हणली पंधरा दिस झाले म्हणून," दाजी म्हणाले.

तेरा महिने तिने जखम लपवली होती. पोटरीवर शिरा गाठीगाठीने फुगलेल्या होत्या, पाय संध्याकाळी भरून यायचा, खाज सुटायची. नासके रक्त निघून जाईल म्हणून तिने बिब्ब्याचे तेल लावले. फोड आला, फुटला आणि भरला नाही. लपवण्याचे कारण तिने त्या दिवशी सांगितले नाही, पण मला ते माहीत होते. आमच्या वडिलांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. त्यांचाही पाय आधी काळा पडला होता. गावाकडे, देवणीजवळ, आमच्या घरात त्यांची पट्टी बदलण्याचे काम आक्काकडे होते. ती तेव्हा तेरा वर्षांची होती.

नांदेडच्या डॉक्टरांना मी ही गोष्ट पहिल्याच भेटीत सांगितली. ते रक्तवाहिन्यांचे सर्जन आहेत. वयाने माझ्यापेक्षा लहान, बोलणे हळू. त्यांनी वडिलांबद्दल दोनच प्रश्न विचारले. विडी ओढत होते का, आणि चालताना पोटरीत गोळा येऊन थांबावे लागायचे का. दोन्हीचे उत्तर होय होते.

"मावशी, तुमच्या वडिलांच्या पायाला रक्त पोचत नव्हतं," ते आक्काला म्हणाले. "तुमच्या पायातून रक्त परत वर जात नाही. आजार वेगळा आहे. शिरेत झडपा असतात, रक्त वर चढलं की त्या मिटतात. तुमच्या गळतात."

दाजी खुर्चीत पुढे सरकले. "म्हंजे फुटवॉल गळायलाय."

"अगदी तेच."

"मंग वॉल बदलता का?"

"वॉल बदलता येत नाही, दाजी. ती लाइनच बंद करायची. रक्त दुसऱ्या चांगल्या लाइनीने जातं."

विहिरीत उतरणाऱ्या पाइपाच्या तळाला जी झडप असते, ती गळाली की मोटार बंद केल्यावर वर चढलेले पाणी खाली येते. हे दाजींना सांगावे लागत नाही. त्यांनी पुढचा अर्धा तास आक्काला ते समजावले. आक्का म्हणाली, "मी काय मोटार हाय व्हय?" पण ऐकून घेतले.

मी डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून नेले होते. त्यांनी सगळ्यांची उत्तरे दिली. पूर्वी ही शीर कापून ओढून काढत. तेही चालते, पण भूल मोठी आणि दुखणे जास्त. लेझरमध्ये शिरेत बारीक तार घालून ती आतून भाजून बंद करतात. जखम फक्त पट्टीनेही भरू शकते, वेळ जास्त लागतो आणि पुन्हा उघडण्याची शक्यता राहते. शीर बंद केली की बहुतेकांची लवकर भरते. काही वर्षांनी दुसऱ्या शिरा फुगू शकतात. कातडीखालची एखादी नस भाजली तर काही महिने बधिरपणा राहतो.

"आणि सगळ्यात वाईट काय होऊ शकतं?"

"खोल शिरेत गाठ. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवाला धोका. क्वचित होतं. होतच नाही असं मी म्हणणार नाही. म्हणून तर ऑपरेशन झाल्या झाल्या चालायचं."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतले. ती पाने अजून आहेत.

शस्त्रक्रियेआधी अडीच महिने दर आठवड्याला पट्टी बदलून जखमेतला जंतुसंसर्ग आटोक्यात आणला गेला. शस्त्रक्रियेच्या दिवशी एकच अडचण आली. नर्सने जोडवी काढायला सांगितली. आक्का म्हणाली, जमणार नाही.

"काढ की," दाजी दारातून म्हणाले. "मी कुठं पळून चाललोय?"

"तुमचा भरवसा काय?"

नर्सने जोडव्यांवरून चिकटपट्टी गुंडाळली. फक्त पायापुरती भूल दिली होती. साडेदहाला आक्का स्वतःच्या पायांनी बाहेर आली. डाव्या पायात मांडीपर्यंत घट्ट मोजा होता, बोटांकडे उघडा. तिने आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "हेच का ऑपरेशन? टाकासुद्धा न्हाई."

डॉक्टरांच्या सूचना एका कागदावर होत्या. जागे असताना दर दोन तासांनी पंधरा मिनिटे चालणे. दिवसभर मोजा घालणे. एका जागी फार वेळ उभे राहायचे नाही, पाय लोंबकळत बसायचे नाही, अंथरुणाला खिळून राहायचे नाही. पोटरी सुजली, दुखली किंवा दम लागला तर लगेच फोन. तीन दिवस ती माझ्याकडे होती. आमच्या घराच्या गच्चीत ती ठरल्याप्रमाणे चालली. नांदेडच्या उन्हाला नावे ठेवत, पण चालली.

बुधवारी दुपारी मी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मजकूर टाकला होता. तो असा होता: 'आक्काच्या डाव्या पायावर आज सकाळी नांदेडमध्ये शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रिया यशस्वी. प्रकृती स्थिर. शनिवारी लातूरला नेणार.' काय, कुठे, कधी आणि पुढे काय हे सगळे त्यात होते. रुग्ण चालत आहे आणि तिने चालत राहायचे आहे, ही ओळ नव्हती. ती मला बातमीचा भाग वाटली नाही.

शनिवारी दाजी तिला गाडी करून लातूरला घेऊन गेले. रविवारी सकाळी देवणीकडून पहिली जीप आली. नऊ माणसे होती.

आमच्याकडे ऑपरेशन झालेल्या माणसाला भेटायला जावेच लागते. न जाणे वर्षानुवर्षे लक्षात राहते. सोबत सफरचंदे किंवा बिस्किटांचे पुडे असतात. भेटीला आलेला खुर्चीवर बसतो आणि पेशंट पलंगावर पडलेला असतो. पेशंट उठून बसला तर त्याला पुन्हा आडवे करतात. आक्काची पडून राहण्याची आणखी दोन कारणे होती. मेसमधून तिने वीस दिवसांची सुटी घेतली होती. मेस त्याच गल्लीच्या टोकाला होती. तिच्या जागी आलेल्या बदली बाईने गल्लीत आपल्याला फिरताना पाहिले तर नाटक केले म्हणेल, असे तिला वाटत होते. आणि टाके नाहीत, ऑपरेशनची पट्टी नाही, मोठी जखम नाही, तर निदान पडून तरी राहावे, नाहीतर एवढ्या लांबून आलेल्यांना कशासाठी आलो असे वाटेल. हे तिने मला पुढे एप्रिलमध्ये सांगितले.

सहा दिवसांत किती जण आले ते कुणी मोजले नाही. एक गेले की दुसरे यायचे. शस्त्रक्रियेपासूनच्या पाचव्या दिवसाअखेरच तिचे चालणे न्हाणीघरापर्यंत उरले होते. सातव्या दिवशी एका वयस्क चुलत जावेने मोजा काढून ठेवला. पायाला वारा लागायला पाहिजे, असे तिचे म्हणणे होते. नवव्या दिवशी पोटरी दुखायला लागली. भेटीला आलेल्या दोघींनी तेल लावून ती चोळून दिली. दाजींनी ऑपरेशनचे दुखणे असेल म्हणून फोन केला नाही.

अकराव्या दिवशी, शनिवारी, मला सुटी होती. लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीने सव्वादहाला लातूरला पोचलो. घरात पाच पाहुणे होते. आक्का पलंगावर चादर घेऊन पडली होती. मला पाहून ती कोपरावर उठायला लागली.

"उठू नको, पड," मी म्हणालो.

हे मी म्हणालो. वही माझ्या पिशवीत होती.

"प्रकृती स्थिर वाचलं अन् धसकाच बसला बघा," एक पाहुणे मला म्हणाले. "आपल्या पेपरात ते लई सीरियस असलं की लिहितेत."

सव्वाअकराच्या सुमारास समोरच्या घरातल्या बाई आल्या. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, निवृत्त होऊन चार वर्षे झाली होती. गल्ली त्यांना सिस्टर म्हणते. त्या पंधरा दिवस लेकीकडे उदगीरला होत्या, आदल्या रात्री परतल्या होत्या. हातात सफरचंदे नव्हती.

"रामराम, सिस्टर," दाजी म्हणाले.

"जयभीम, दाजी. कितवा दिवस आज?"

"अकरावा."

"चालती का?"

"कशी चालल?" खुर्चीवरची एक बाई म्हणाली. "एवढं मोठं आपरेशन झालंय."

"मी पेशंटला विचारलं."

आक्का म्हणाली, "न्हाई."

सिस्टरनी चादर बाजूला केली. हाताची उलटी बाजू आधी उजव्या पोटरीला लावली, मग डाव्या. पुन्हा उजव्या, पुन्हा डाव्या. मग म्हणाल्या, "टेप आणा."

दाजी आतून लोखंडी टेप घेऊन आले.

"हा न्हाई, दाजी. मला काय दरवाजा बसवायचाय? शिंप्याचा आणा."

शेजारी ब्लाउज शिवणाऱ्या बाईंकडून टेप आला. सिस्टरनी गुडघ्याखाली चार बोटे ठेवून तिथे दोन्ही पाय मोजले. उजवा तेहतीस सेंटिमीटर, डावा साडेसदतीस. त्यांनी फाइल मागितली. शस्त्रक्रियेच्या सकाळी नांदेडला हीच मापे घेतलेली होती: उजवा तेहतीस, डावा चौतीस.

"हे कुणी चोळलं?"

सिस्टरनी टेप गुंडाळून ठेवला.

"आता कुणी हात लावायचा न्हाई. दम लागतो का, आक्का? छातीत दुखतं?"

"न्हाई."

"दाजी, ऑटो बोलवा. अन् तुम्ही," हे मला होते, "तुमच्या डॉक्टरला फोन लावा. माप सांगा. बाकी काही सांगत बसू नका."

मी फोन लावला. चार आकडे सांगितले. डॉक्टर म्हणाले, "लगेच डॉपलर करा. पायाची सोनोग्राफी. रिपोर्टचा फोटो पाठवा." ती कुठे होईल ते सिस्टरना माहीत होते. त्या ऑटोत आक्काच्या शेजारी बसल्या. मी पुढे, ड्रायव्हरजवळ.

औसा रोडच्या सिग्नलला आक्काने मागून माझ्या खांद्याला हात लावला. "बापू, आता कापत्याल का?"

सिस्टर म्हणाल्या, "बापूला काय विचारता? तो पेपरवाला हाय. गाठ असली तर गोळ्यानं जाती. कापाकापी न्हाई त्यात."

"माझ्या बापाचा कापला."

"माहीत हाय. वार्डात होते मी तवा. नवी लागले होते. त्यायचा पाय बर्फावानी थंड होता. तुमचा ऊन हाय. ऊन पाय कापत न्हाईत."

चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच्या त्या वॉर्डात त्या होत्या हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हते. पुढे मी त्यांना विचारले, वडील आठवतात का. त्या म्हणाल्या, माणूस नाही आठवत, पाय आठवतो, आणि पट्टी करायला येणारी परकरातली पोरगी आठवते. तिला पट्टी बांधायला त्यांनीच शिकवले होते.

डॉपलरचा अहवाल दुपारी एक वाजता मिळाला. डाव्या पोटरीतल्या खोल शिरेत गाठ होती. गुडघ्याच्या वर काही नव्हते. लेझर केलेली शीर पूर्ण बंद होती. मी फोटो पाठवला. पाच मिनिटांत डॉक्टरांचा फोन आला.

"खालीच आहे. वेळेत सापडली. आज इंजेक्शन, मग रक्त पातळ करायच्या गोळ्या, तीन महिने. एक रात्र तिथेच भरती ठेवा." मग त्यांनी विचारले, "चालत होत्या ना?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी रागावायला हवे होते. ते म्हणाले, "ठीक. उद्यापासून चालवा. पाय कुठे जात नाही म्हणून सांगा मावशींना."

मी आत जाऊन आक्काला सांगितले. तिने सिस्टरकडे पाहिले. सिस्टरनी मान हलवली. मग आक्काने विचारले, सकाळपासून त्या पाहुण्यांना कुणी चहा दिला का.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, तिला घरी आणले. संध्याकाळी मी गटावर दुसरा मजकूर टाकला. आमच्या दैनिकात चूक झाली की दुसऱ्या दिवशी त्याच पानावर दुरुस्ती छापतात. त्याच पद्धतीने लिहिले: 'दुरुस्ती. शस्त्रक्रियेच्या दिवशीच्या निरोपात एक ओळ राहिली होती. आक्काने रोज चालायचे आहे. पडून राहिल्याने तिच्या पायात गाठ झाली आहे. चूक माझी.' अठ्ठावीस जणांनी वाचले. तासाभराने मोजा काढणाऱ्या चुलत जावेने दोन हात जोडलेले चिन्ह टाकले.

पाहुणे मात्र थांबले नाहीत. गाठ निघाली हे कळल्यावर पुन्हा यायला लागले. त्यावर सिस्टरनी उपाय काढला. त्यांनी सांगितले आणि दाजींनी जाड स्केचपेनने पुठ्ठ्यावर लिहिले: 'पेशंट चालायला गेली आहे. भेटायचे असेल तर सोबत चाला. चहा नंतर.' पुठ्ठा दाराला टांगला. मार्चचे पहिले दोन आठवडे लातूरच्या त्या गल्लीत सकाळ-संध्याकाळ आक्का पुढे, सिस्टर शेजारी आणि मागे गावाकडची चार-पाच माणसे सफरचंदांच्या पिशव्या घेऊन चालताना दिसत. वाट मेसच्या दारावरून जायची. तिसऱ्या दिवशी बदली बाई दारात आली.

"काय, निवडणूक लढवायलीस का आक्का?"

"हाव. मत दे."

"पाय कसा हाय?"

"हाय जागेवर."

सिस्टर रोज संध्याकाळी माप घ्यायच्या. टेप परत द्यायला गेल्या तेव्हा शेजारच्या बाई म्हणाल्या, राहू द्या तुमच्याकडंच. दाजींनी तो स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवला. मापे ते कॅलेंडरच्या चौकटीत लिहायचे. कारखान्यात बेअरिंगची मापे अशीच लिहायचो, असे ते म्हणाले. पहिल्या आठवड्यात साडेसदतीसचे छत्तीस झाले. महिन्याने पस्तीस.

मे महिन्याच्या शेवटी गोळ्या संपल्या. आम्ही नांदेडला गेलो. डॉक्टरांनी स्वतः डॉपलर केले. खोल शीर मोकळी होती, तिच्या भिंतीला विरलेल्या गाठीचा एक बारीक पट्टा उरला होता. लेझरची शीर बंद होती. घोट्याची जखम मेच्या दुसऱ्या आठवड्यात भरली होती. नवी कातडी गुलाबी आणि पातळ होती. डॉक्टरांनी तिच्यावर बोट ठेवून पाहिले. मोजा चालू ठेवा, वर्षातून एकदा या, दुसरी शीर फुगली तर लपवू नका, असे सांगितले.

"आता काय लपतंय? दाराला पुठ्ठा हाय," आक्का म्हणाली. डॉक्टरांना पुठ्ठ्याचे माहीत नव्हते. दाजींनी सगळे सांगितले, फुटवॉलपासून. बाहेर रांग होती, तरी ते ऐकत राहिले.

परतताना मी सिस्टरसाठी नांदेडहून साडी घेतली. त्यांनी ती उलटून पाहिली, पदर पाहिला, आणि म्हणाल्या, "चांगली हाय. पण चालायचे बूट आणले असते तर कामाला आले असते." मला आभाराचे चार शब्द बोलायचे होते. बसमध्ये ते जुळवले होते. त्या म्हणाल्या, "बसा, चहा ठेवते." मग माझी आणि आक्काची कपबशी काढली आणि माझ्या शब्दांना जागा राहिली नाही. ते इथे लिहितो. त्यांच्यामुळे माझ्या बहिणीचा पाय आणि कदाचित जीव राहिला. त्या आल्या नसत्या तर गाठ कळली नसती; त्या सकाळी मीही तिला पडूनच राहायला सांगत होतो.

पुढच्या आठवड्यात मी बूट नेऊन दिले. मापाला अर्धा इंच मोठे निघाले. त्यांनी आत जाड मोजे घातले.

जूनच्या मध्यापासून आक्का पुन्हा मेसमध्ये जाते. सकाळचीच पाळी करते. मेसच्या मालकिणीने खाली बसून थापता येईल अशी बुटकी शेगडी करून दिली आहे, आणि अर्ध्या पोळ्या आता बदली बाई करते. दर तासाला आक्का उठते आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येते. या फेब्रुवारीत वर्षाची तपासणी झाली. दोन्ही शिरांचा अहवाल मेमधल्यासारखाच होता. पुठ्ठा दारावर आहे, त्यावरची अक्षरे उन्हाने फिकी झाली आहेत.

गेल्या रविवारी संध्याकाळी दाजींनी फोन करून कॅलेंडरमधली त्या दिवसाची मापे सांगितली. उजवा तेहतीस, डावा साडेतेहतीस.